टाकीचं झाकण

बाबा गेल्यापासून त्यांची मोटरसायकल थोडी धावली की बंद पडायची. मेकॅनिककाकांनी कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलची नळी बदलली आणि हात टेकले. "उद्या भंगारात देऊ," दादा म्हणाला. शेवटची फेरी म्हणून मी आईला मागे बसवलं. गल्लीच्या टोकाला गाडी थांबलीच. पेट्रोल बघायला टाकीचं झाकण उघडलं, तर सुस्स करत हवा आत शिरली. झाकणातलं हवेचं भोक मेणाने बुजलेलं होतं. "मीच बुजवलं," आई म्हणाली. "पावसाचं पाणी जाईल म्हणून. ते किती जपायचे." "अगं, हवा मिळाली नाही तर पेट्रोल खाली कसं उतरणार? तू तिचं नाकच दाबलंस." आईने केसांतली पिन काढली आणि स्वतःच मेण टोकरलं. मग लांबची फेरी मारून आलो, तरी गाडी घरापर्यंत थांबली नाही. "भंगारवाल्याला नको म्हणून सांग," दारातच ती दादाला म्हणाली. "गाडी ठणठणीत. मीच वेडी."