दूर्वांतली पिल्लं

दूर्वा खुडायला वाकले, तर गवतात सशाची दोन इवली पिल्लं दबून बसलेली. मी मागे सरले, पण थोरल्या जाऊबाईंनी ती पदरात घालून थेट घरात आणली.

"आईनं टाकलीत गं. पोरकी आहेत," म्हणत त्या कापसाच्या बोळ्यानं गाईचं दूध पाजू लागल्या. एकाच्या नाकातून दूध आलं.

"जाऊबाई, कुत्र्यांना माग लागू नये म्हणून त्यांची आई दिवसभर लांब राहते. दिवेलागणीला येऊन पाजते."

"पोर नाही तुला. आईचं तुला काय ठाऊक?"

हे वाक्य अकरा वर्षं मी देवाचं नाव घेत गिळलं होतं. आज घशाखाली उतरेना. त्यांच्या मांडीवरून पिल्लं उचलली आणि होती तिथंच नेऊन ठेवली. आडोसा मोडू नये म्हणून एकही दूर्वा खुडली नाही. गणपतीला नुसतं जास्वंद वाहिलं. एकवीस दूर्वांचा नेम मोडला, त्याची क्षमाही मागितली नाही.

दिवेलागणीला कुंपणाखालून त्यांची आई आली. पिल्लं तिच्या पोटाशी शिरली. जाऊबाई खिडकीत माझ्या शेजारीच उभ्या होत्या.

"पोरकी नव्हती ती," मी हळूच म्हटलं. "तुम्ही करत होतात."