पंधरावं डोकं

घंटांचा शेवटचा ठोका पडला, तशी विनिफ्रेड मेटकाफ मनोऱ्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. ऐंशीची बाई, उंची जेमतेम पाच फूट, हातात चहाची किटली. वरून घंटा वाजवणारे पाच जण जिना उतरत होते. त्यांचा रिवाज ठरलेला. दर रविवारी दोर ओढून अख्ख्या खोऱ्याला प्रार्थनेला बोलवायचं, आणि प्रार्थना सुरू व्हायच्या आत आपण पबमध्ये जाऊन बसायचं. इतक्या वर्षांत यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं.

आज मात्र गाठ विनीशी होती. ऑक्टोबरच्या रविवारी चर्चमधली माणसं मोजायची, हा चर्चच्या वरच्या कचेरीचा नेम. यंदा सोबत तंबी आली होती. चारांतल्या एका तरी रविवारी बाकांवर पंधरा माणसं दिसली पाहिजेत, नाहीतर थॉर्नबेकच्या चर्चला कुलूप. पाद्री त्यात धरायचा नाही. तीन रविवार उलटले होते. तिन्ही वेळा सातच. आज शेवटचा. आणि गावकरी आकडा फुगवतील म्हणून कचेरीने आपला माणूस धाडला होता, मिस्टर पिलबीम. चष्मा, फळी, फळीला अडकवलेला कागद. माणसं मोजायला आला होता, पण चेहरा बटाटे मोजायला आल्यासारखा.

पुढे होता नॉर्मन, विनीचा दीर. पब त्याचाच, किल्लीही त्याच्याच खिशात. तो बसला की बाकीचे चौघे जाणार कुठे? विनीने त्यालाच अडवलं.

"बाजूला हो गं पोरी. घसा कोरडा पडलाय," तो म्हणाला.

आज कुणाचाही घसा ओला होणार नाही, असं विनीने सांगितलं. नॉर्मन चिडला. शाळेत असल्यापासून आपण देव मानत नाही, हे त्याने तिला पुन्हा एकदा ऐकवलं. जनगणनेच्या कागदावरसुद्धा तसंच लिहून दिलंय म्हणाला. आता त्या बाकावर बसायचं म्हणजे शुद्ध लबाडी.

"तुझ्या मनातलं कोण विचारतंय? तो डोकी मोजायला आलाय. तुझ्या मानेवर जे काही आहे, तेवढं नेऊन बाकावर ठेव."

मागचे चौघे फिस्सकन हसले. नॉर्मन मान खाली घालून आत गेला आणि ते चौघे त्याच्यामागून.

फुलंवाल्या दोघी आधीच जाळ्यात आल्या होत्या. शनिवारी फुलदाण्या सजवून पळणाऱ्या त्या बायका. फुलदाणी आडवी झालीय, असा सकाळी विनीने निरोप धाडला. त्या धावत आल्या, बघतात तर फुलदाणी उभी आणि विनी दारात. नेहमीचे सात, हे पाच, या दोघी. पंधरावी म्हणून हर्डांच्या एड्नाने शब्द दिला होता.

प्रार्थना सुरू झाली. घंटावाले दात काढून घ्यायला आल्यासारखे बसले होते. उठायचं केव्हा नि बसायचं केव्हा, त्यांना ठाऊक नव्हतं. सगळे बसले की ते उठत, ते बसले की सगळे उठत. एका फुलंवालीला हसू फुटलं. दुसरीने तिला चिमटा काढला आणि मग तीच जास्त हसली. बाक हलायला लागला. भजनाला नॉर्मन तोंड मिटून उभा होता. पण आवाज त्याचा गोड, चाल लहानपणची. तिसऱ्या कडव्याला त्याच्या लक्षात आलं की आपण सगळ्यात मोठ्याने गातोय.

पिलबीमने पेन्सिल रोखून मोजलं. चौदा. पुन्हा मोजलं. चौदाच. तेवढ्यात निरोप आला, की एड्नाची मेंढी दगडी कुंपणात अडकलीय, ती काही येत नाही.

प्रार्थना चालवणाऱ्या पाद्रीण फिलिपाने पुस्तक मिटलं. सगळ्या माना मागे वळल्या. मागे चहाची छोटी खोली होती आणि तिच्या उघड्या दारात विनी कपबश्या मांडत होती. प्रार्थना चालू असताना तिला बाकावर बसलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. कामात देव बघणारी बाई, असंच सगळे धरून चालले होते. छप्पर गळलं की भांडायला ती. बिजागऱ्यांना तेल घालायला ती. मेणबत्तीचं मेण नखाने खरवडायला तीच.

फिलिपाने हाक मारली. चहा कडू होईल, म्हणून विनी जागची हलेना. फिलिपाने दुसऱ्यांदा हाक मारली. मग विनीने फडकं खाली ठेवलं.

"तीस वर्षं मी इथे कपबश्या का मांडतेय, वाटतं तुम्हाला? तिथे बसून खोटं बोलायला लागू नये म्हणून."

मग नॉर्मन खदखदून हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि सरकून त्याने बाकावर जागा केली.

विनीने एप्रन सोडला. बाकांमधल्या वाटेने ताठ चालत आली आणि धपकन त्याच्याशेजारी बसली.

"पंधरा," पिलबीम पुटपुटला.

"मला धरा," विनी त्याला म्हणाली. "पण मानणाऱ्यांत नको. राखणाऱ्यांत धरा."

असा रकाना कागदावर नाही, असं पिलबीमने अदबीने सांगितलं. नॉर्मन म्हणाला, पेन्सिल तुमच्याच हातात आहे ना साहेब, मग पाडा की नवा रकाना. कचेरीत उभा जन्म गेला पिलबीमचा, पण असं कुणी कधी सुचवलं नव्हतं. त्याने फळीवर पट्टी धरून सरळ रेघ ओढली आणि घसा खाकरला.

"देव मानत नाही, पण या दाराला कुलूप लागू देणार नाही, असे किती? हात वर करा."

बाकांवरची माणसं अजून एकमेकांची तोंडं बघत होती. पहिला हात वर गेला, तो समोरून, वेदीजवळून. पाद्रीण फिलिपाचा.