गिरणीचा सा

"चाल झकास झालीय वहिनी, पण मागची ती घरघर तेवढी काढून टाका," नाटकाचे दिग्दर्शक हेडफोन उतरवत म्हणाले.

घरघर खालच्या मजल्यावरच्या, सुलभाच्या नवऱ्याच्या पिठाच्या गिरणीची होती. तिने आधी खिडकीला गोधड्या बांधून पाहिल्या. मग वैतागून एक दिवस कॉम्प्युटरवर ती घरघरच तपासली, तर गिरणी पेटीवरच्या पक्क्या काळी एकच्या सुरात लागलेली! बाजरी पडली की जराशी उतरायची, दळण संपलं की पुन्हा चढायची. तोच सा धरून, त्या चढउतारावरच तिने ही चाल बांधली होती.

दिग्दर्शकांनी खिडकीतून हाताने खूण केली. डबे घेऊन बायका ताटकळत होत्या, तरी नवऱ्याने भिडेखातर गिरणी बंद केली.

"हं, आता निवांत रेकॉर्ड करा."

सुलभाने माइक उचलून सरळ कपाटात ठेवला.

"चाल न्यायची तर गिरणीसकट न्या. नाहीतर जिना जपून उतरा, पीठ सांडलंय."

मग खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ती ओरडली, "अहो, चालू करा ती गिरणी! माझा सा बंद पाडलात!"