दोन्ही बटनं एकदम

कंट्रोलरचा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. टीव्हीवर शर्यतीच्या गाड्या नुसत्याच उभ्या होत्या.

"परत गेला," काशीराम म्हणाला.

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला कमलाकर बसला होता. त्याच्या हातातला कंट्रोलर व्यवस्थित चालत होता. बैलगाडीच्या शर्यतीत दोघांनी उभा जन्म एकमेकांची धूळ खाल्ली होती, आणि काशीरामनेच त्याला फोनवर डिवचून ओवे गावाहून पनवेलला बोलावलं होतं. "बैल नाय ऱ्हायले म्हणून काय झालं? तुला हरवायला मी आजून हाय." मागच्या पावसाळ्यात काशीरामला अर्धांगवायूचा झटका आला, त्यानंतर दोस्ताला घातलेली ही पहिलीच साद होती.

सून मनिषा टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसली होती. गेमचा डबा तिने प्लगपासून बंद करून पुन्हा चालू केला. दिवा लुकलुकला, विझला. मग तिने खणातली केबल काढून कंट्रोलर सरळ डब्याला जोडला. नारिंगी उजेड आला, पण पडद्यावर काहीच हललं नाही.

"या केबलने नुसतं चार्जिंग होतंय, आबा. दुसरी तुमचा मुलगा घेऊन गेलाय." तिने नवऱ्याला फोन लावला. "निकेश, कंट्रोलरला काय केलंस? ... लॅपटॉपला? अरे, मग सांगायचं ना!"

फोन ठेवून ती हसली. "काल त्याने हा लॅपटॉपला जोडला होता. म्हणून हा आपल्या डब्याला विसरलाय. पुन्हा ओळख करून द्यावी लागेल."

"ऱ्हाऊ दे गो पोरी," कमलाकर म्हणाला. त्याने काशीरामच्या मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "कशाला त्याला तरास? आमी बसतो गप्पा मारत. शर्यत काय, कवापन व्हईल."

आल्यापासून कमलाकर असाच वागत होता. चहाचा कप उचलून त्याच्या ओठांपर्यंत नेत होता, उशी सरकवत होता. ज्या माणसाने आयुष्यात कधी वाट सोडली नाही, तो आज पावलोपावली बाजूला होत होता.

"मनिषा, तू कर तुझं," काशीराम म्हणाला.

तिने कानातलं काढलं. कंट्रोलरच्या पाठीला बारीक भोक होतं, त्यात कानातल्याची दांडी खुपसून धरली आणि काढली. मग कमलाकरचा कंट्रोलर मागून घेतला आणि पडद्यावर नवीन कंट्रोलर शोधायचं पान उघडलं. एक गोल चक्र फिरू लागलं.

"झालं. आता मधलं बटन आणि हे डावीकडचं बारकं, दोन्ही एकदम दाबून धरायची. दिवा भराभर लुकलुकायला लागेपर्यंत सोडायची नाहीत. द्या इकडे."

काशीरामने कंट्रोलर दिला नाही.

"आबा?"

"मी दाबतो."

कमलाकरने हात पुढे केला. "आन रं, मी..."

"हात लावू नको."

आवाज असा चढला, की आत मासे साफ करणाऱ्या त्याच्या बायकोच्या, गोदूच्या हातातली सुरी थांबली. "काय झालं हो?" तिने विचारलं.

उजव्या हाताने काशीरामने डावा हात उचलला आणि कंट्रोलरवर आणून ठेवला. कंट्रोलरवरचा दांडा तो या अंगठ्याने कसाबसा ढकलायचा, म्हणून त्याची गाडी दर वळणावर भिंतीला घासायची. पण बारकं बटन ढकलून दाबलं जाणारं नव्हतं. झटक्यापासून त्या हाताला स्पर्शच कळत नव्हता; अंगठा बटनावर टेकला की नाही, हेसुद्धा त्याला डोळ्यांनीच बघावं लागत होतं. उजवा अंगठा मधल्या बटनावर गेला. डावा घसरला. त्याने पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला.

पडद्यावरचं चक्र थांबलं. काही सापडलं नव्हतं.

"परत फिरव," तो म्हणाला.

मनिषाने पुन्हा शोध सुरू केला. काशीरामने दात आवळले. मान खाली गेली, खांदा वर आला, कपाळाची शीर फुगली. कमलाकर नकळत पुढे सरकला होता. त्याच्या मुठी आपोआप वळल्या, जणू हातात कासरे होते.

"दाब काशा," तो पुटपुटला. मग एकदम मोठ्याने ओरडला, "दाब! सोडू नको! आरं, दाब!"

बटन आत गेलं.

दिवा लुकलुकला. मग भराभर लुकलुकू लागला. पडद्यावर एक नाव उमटलं, मनिषाने ते निवडलं, आणि दिवा निळा होऊन स्थिर झाला.

"लागला!" मनिषा टाळी वाजवून उठली. "आबा, लागला! आता सोडा बटन."

काशीरामने सोडलं नाही. "तुझ्या सासूला बोलव."

बोलवावं लागलं नाही. ओरडा ऐकून गोदू खवल्यांनी माखलेल्या हातांनी दारात आली होती. तिने टीव्हीकडे पाहिलं, कमलाकरच्या लाल झालेल्या तोंडाकडे पाहिलं. मग तिला तो अंगठा दिसला. दाबून दाबून पांढरा पडलेला.

ती त्याच्यापाशी खाली बसली. "आवो, सोडा ना आता. दुखंल."

"दुखतंय," काशीराम म्हणाला. आणि मग त्याचं त्यालाच काय ते समजलं. त्याने तिघांकडे पाहिलं आणि घर दणाणेल असा हसला. "दुखतंय गो, गोदू! दुखतंय!"