स्वस्तातला पॉवर सप्लाय

"दादा, पॉवर सप्लाय चांगला घेऊ. कॅबिनेट साधा असला तरी चालेल," शलाका दुकानात म्हणाली. गेमिंग कॉम्प्युटरसाठी तिनं दोन वर्षं शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते. पण मला रंगीत दिव्यांचा कॅबिनेट आवडला. मग उरलेल्या पैशांत मी पॉवर सप्लाय स्वस्तातला निवडला.

तीन आठवड्यांनी खेळता खेळता जळका वास आला. पॉवर सप्लाय जळाला, त्याच्याबरोबर ग्राफिक्स कार्ड आणि मदरबोर्डही गेले.

"कशानं झालं?" बाबांनी मला विचारलं.

मी काही बोलण्याआधीच शलाका म्हणाली, "विजेचा दाब वाढला, बाबा." मी मान डोलावली.

वर्षभरानं तिनं पुन्हा पैसे जमवले. सुटे भाग आणायला ती एकटीच निघाली. मी दारातच उभा होतो, पण "मीही येतो" म्हणायचं माझ्याच्यानं झालं नाही.