भाऊबिजेचा नकाशा

सहादेवची पेन्सिल गोदावरीपाशी येऊन पुन्हा अडली.

"आबा, चहा निवला," सून रुपाली म्हणाली. "परवा भाऊबीज. होतोय का तोवर नकाशा?"

"व्हईल. सरहद्द तेवढी जमंना."

पुणतांब्यात त्याला सगळे सहादेव पेंटर म्हणूनच ओळखत. राहात्यापासून नेवाशापर्यंत शाळांच्या भिंतींवर त्याने नकाशे रंगवले होते. प्रत्येकात गोदावरीपर्यंत रंग, पलीकडे कोरी भिंत. पुढे हात थरथरू लागला आणि ते काम सुटलं. मग रुपालीने त्याला मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. तिथली माणसं न घडलेल्या इतिहासाचे नकाशे काढत. अमुक लढाई उलटी झाली असती तर, तमुक राजा वाचला असता तर. सरहद्द दिसायला देखणी हवी आणि मनाला पटायलाही हवी, एवढाच तिथला नियम.

तो काढायला बसला की त्याची बायको मनकर्णा शेजारी गहू निवडत बसायची. चारशे वर्षांपूर्वीची निजामशाही बुडाली नसती तर, असा नकाशा त्याने काढला तेव्हा ती हसली होती.

"आवं, मेलेल्या राजांना एवढं रान वाटताय. एक नकाशा माझ्या माहेरासाटी काढा की."

"काढू."

"कवा? मी गेल्यावर?"

ती श्रावणात गेली.

तिचं माहेर समोरच, पलीकडच्या तीरावर. घाटावर उभं राहिलं की तिच्या दारातली चिंच दिसायची. लग्नाला ती मंडळी नावेने आली, दिवे लागायच्या आत परत गेली, आणि मनकर्णा इकडे राहिली. दर भाऊबिजेला ती घाटाच्या शेवटच्या पायरीवर ताट घेऊन उभी राहायची. तिचा भाऊ रंभाजी लाल फेटा बांधून पलीकडे पाण्याशी यायचा. ही इकडून ओवाळायची, तो तिकडून मान वाकवायचा. घाटावरचा सरहद्दीचा शिपाई भला माणूस. तेवढा वेळ तो पाठ करून तंबाखू मळत बसायचा.

घरी येताना मनकर्णा म्हणायची, "औंदा दादा लई वाळलाय ओ." एवढ्या लांबून तिला ते कसं दिसायचं, कोण जाणे.

ती गेल्याचा निरोप सहादेवने पाठवला होता. पोचला की नाही, कळलं नाही. परवा रंभाजी फेटा बांधून येणार. समोर ताट नसणार. निदान तिने मागितलेलं तरी हातात असावं, म्हणून सहादेव मांजरपाटाचं मोठं कापड घेऊन बसला होता.

त्याने खोडरबर उचललं आणि नदीकाठची रेघ पार पुसली. रुपालीने फोटो काढून ग्रुपवर टाकला. लगेच उत्तर आलं.

"तो प्रवीण लिहितोय, काका, हात झकास, पण हे पटत नाही. नदीसारखी देखणी सरहद्द कोण पुसतं?"

"त्याला म्हनावं, तुजी बहीन पलीकडं न्हाई, म्हून सुचतंय तुला."

रुपाली हसली. मग पुढचं वाचताना थांबली. "विचारतोय, एवढा मुलूख एकत्र कशाने राहील?"

"बोलीनं. तुजी सासू इकडं आली तवा तिला एक शब्द नवा शिकावा लागला न्हाई."

"बोलीवरून कुठं राज्यं होतात का, म्हणतोय. सगळेच हसतायत, आबा."

"हसू दे."

त्याने हळदीसारखा पिवळा रंग कालवला. मनकर्णाच्या माहेरावरून ब्रश कुठेही न अडता गेला. मुंबईपासून नागपूरपर्यंत त्याने एकच रंग भरला. मग जाड ब्रश घेऊन, रंभाजीला पलीकडून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, त्याने कुठल्याच देशाच्या कुठल्याच नकाशात नसलेलं एक नाव लिहिलं: महाराष्ट्र.