पाचवा प्रश्न

इंग्रजी बोलायचा सराव करणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर चेन्नईच्या कीर्तनाला ‘सॅम’ भेटला. खोटं नाव, फोटो नाही, नुसता आवाज. रोज संध्याकाळी दोघं खोटाखोटा इंटरव्ह्यू घ्यायची, पण हा पठ्ठ्या कायम प्रश्न विचारणारा साहेबच व्हायचा. आणि पाचव्या प्रश्नाला हमखास अडकायचा. मग कीर्तनाच तो हळूच सांगायची.

महिन्याभराने चेन्नईजवळ ओरगडमच्या कारखान्यात तिचा खरा इंटरव्ह्यू होता. समोर मॅनेजर एकोजीराव बसले होते, कपाळाला आठ्या घालून. त्यांनी इंग्रजीत चार प्रश्न धाडधाड विचारले. मग थांबले, घाम पुसला आणि छताकडे बघत बसले.



कीर्तना जरा पुढे झुकली आणि हळूच म्हणाली, “सॅम सर... ‘व्हाय शुड वी हायर यू?’”